ट्रॉलीचा मागचा दिवा सारखा का जातो? बल्ब आणि फ्यूज उडण्यामागची कारणं, आणि त्याची रस्त्यावरची किंमत

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले रस्ते रात्रीही जागे असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर कडेने बाहेर आलेला ऊस आणि मागे बऱ्याचदा नुसता अंधार. ना लाल दिवा, ना इंडिकेटर. पुढे ट्रॉली आहे हे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला कळतं, तेव्हा ब्रेक लावायला अंतरच उरलेलं नसतं.

दरवर्षी पोलीस, आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. सोशल मीडियावर फोटो फिरतात, 'यांच्यावर कारवाई करा' अशा कमेंट पडतात. त्यावर ट्रॅक्टरवाल्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: बल्ब लावला होता, पुन्हा गेला. किंवा फ्यूज टाकला की उडतो, किती वेळा टाकायचा?

हे उत्तर अनेकांना सबब वाटतं. पण त्यात तथ्य आहे. ट्रॉलीचे दिवे खरोखरच वारंवार जातात. तीच तक्रार दुचाकी, रिक्षा, टेम्पो आणि कारवाल्यांचीही असते. दिवा सारखा जातो याचा अर्थ वायरिंगमध्ये कुठेतरी बिघाड आहे. तो न शोधता फक्त बल्ब बदलत राहिलं, की काही दिवसांनी माणूस कंटाळतो आणि गाडी अंधारातच चालवायला लागतो. हा बिघाड नेमका काय असतो, तो कसा शोधायचा आणि हा प्रश्न फक्त ट्रॅक्टरवाल्यावर सोडून का चालणार नाही, ते समजून घेऊया.

मागचा दिवा नसला तर नेमकं काय होतं?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. धडकेच्या प्रकारांमध्ये सर्वांत मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा होता. दिवसातल्या वेळेनुसार पाहिलं तर सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत झाले. मागून धडकणारी प्रत्येक गाडी दिवा नव्हता म्हणून धडकते असं नाही. वेग, मोबाईल, दारू, डुलकी अशी कारणं असतातच. पण अंधार आणि मागून धडक या दोन गोष्टी एकत्र आल्या की मागच्या दिव्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

साधं गणित करून बघा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. म्हणजे तेवढ्यातच ३३ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी ४० मीटर तरी लागतात. एकूण झाले ७० ते ७५ मीटर. आता डीम लाइटमध्ये, म्हणजे लो बीमवर, एखादी गडद रंगाची वस्तू नीट ओळखू येते ती साधारण ४० ते ५० मीटरवरून. म्हणजे रस्त्यात उभी असलेली, दिवा नसलेली ट्रॉली दिसल्यावर ब्रेक मारूनही गाडी वेळेत थांबत नाही. चालक कितीही तरबेज असला तरी हे अंतर बदलत नाही.

याउलट मागे लाल दिवा असेल तर तो दीडशे मीटरवरूनही दिसतो. त्या ट्रॉलीवर पाच-पाच वॅटचे दोन बल्ब पेटलेले असणं, इतकाच हा फरक आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही, रस्त्यावरच्या वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ट्रेलर जोडला म्हणून यातून सूट मिळत नाही. उलट ट्रेलरमुळे ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे झाकले जातात, त्यामुळे ट्रेलरवर दिवे असणं जास्त गरजेचं ठरतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार इतरांना धोका होईल अशा रीतीने रस्त्यावर वाहन सोडून जाणं हाही गुन्हा आहे. टायर फुटला म्हणून रस्त्यातच उभी केलेली, दिवे नसलेली ट्रॉली याच व्याख्येत बसते.

म्हणजे नियम आहे, दंडही आहे. तरीही दिवे बंदच असतात. कारण दंड भरल्याने वायरिंग दुरुस्त होत नाही.

बल्ब जाणं आणि फ्यूज उडणं: दोन वेगळे आजार

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. 'लाइट जातेय' असं म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगतात.

बल्ब जातो, म्हणजे त्याच्या आतली तार तुटते. त्याला कारण असतं जास्त व्होल्टेज, हादरे, पाणी किंवा चुकीचा बल्ब.

फ्यूज उडतो, म्हणजे त्या वायरमधून ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला. त्याला दोनच कारणं असतात. एकतर वायर कुठेतरी बॉडीला टेकून शॉर्ट होतेय, किंवा त्या वायरवर झेपत नाही इतका लोड टाकलाय.

त्यामुळे फ्यूज उडत असेल तर नवीन बल्ब टाकून काही होत नाही. आणि बल्ब जात असेल तर मोठा फ्यूज टाकून काही होत नाही. आधी यातलं नक्की काय होतंय हे ठरवलं की निम्मं काम झालं.

इथे थोडा हिशोब उपयोगी पडतो. वॅटला व्होल्टने भागलं की करंट किती ते अँपिअरमध्ये कळतं. ट्रॉलीच्या मागे पाच वॅटचे दोन टेल बल्ब असतील तर १० भागिले १२, म्हणजे एक अँपिअरही नाही. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब धरले तर साडेतीन अँपिअर. मग १० अँपिअरचा फ्यूज उडतोय म्हणजे बल्ब 'जास्त ओढतायत' हे कारणच असू शकत नाही. कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा त्याच वायरवरून कुणीतरी दुसरं काही जोडलंय. ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि रंगीत लाइटच्या माळा लावायची हौस आता गावोगावी आहे. त्यांचं कनेक्शन लाइटच्या वायरवरून घेतलं असेल, तर फ्यूज उडण्याचं कारण तेच असू शकतं.

फ्यूज कधी उडतो, हेच सांगतं बिघाड कुठे आहे

चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन वायरिंगला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारतो: 'कधी उडतो?' त्या उत्तरातून बरंच काही कळतं.

• स्विच टाकताच उडतो: वायर थेट बॉडीला टेकलेली आहे, किंवा होल्डरच्या आत दोन टोकं एकमेकांना चिकटली आहेत.

• फक्त ब्रेक दाबल्यावर उडतो: दोष ब्रेक लाइटच्या वायरमध्ये आहे. हेडलाइट उघडून बसण्यात अर्थ नाही.

• फक्त ट्रॉली जोडल्यावर उडतो: ट्रॅक्टर ठीक आहे. दोष ट्रॉलीच्या वायरिंगमध्ये किंवा जोडणीच्या सात पिनांच्या प्लगमध्ये आहे.

• खड्ड्यात गेल्यावर किंवा वळताना उडतो: वायर कुठेतरी घासून सोललेली आहे आणि हालचाल झाली की पत्र्याला टेकते. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या हुकाजवळ हे सर्वाधिक घडतं, कारण वळणावर तिथली वायर ताणली जाते किंवा दोन्हींच्या मध्ये चेमटते.

• पावसात किंवा गाडी धुतल्यावर उडतो: सॉकेटमध्ये किंवा होल्डरमध्ये पाणी जातंय. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खारी हवा यात भर घालते. तांब्यावर हिरवट थर चढलेला दिसला की समजावं.

• दहा-पंधरा मिनिटांनी उडतो: बहुतेक वेळा हा लोडचा प्रश्न असतो. फ्यूज हळूहळू तापून वितळतो.

कार किंवा दुचाकी बरेच दिवस उभी असेल तर आणखी एक जुना संशयित असतो: उंदीर. इंजिनची ऊब आणि वायरचं आवरण, दोन्ही त्याला आवडतं.

आणि बल्ब का जातो?

पहिलं कारण व्होल्टेज. १२ व्होल्टची गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. तारेच्या बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतं. व्होल्टेज फक्त ५ टक्क्यांनी वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. इंजिनचा वेग वाढवल्यावर मीटरवर १५ च्या वर आकडा जात असेल तर दोष बल्बमध्ये नसून चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये आहे. दुचाकीत यालाच आरआर युनिट म्हणतात. रेग्युलेटर खराब झाल्याची ओळख म्हणजे एकाच वेळी अनेक बल्ब जातात, आणि बॅटरीचं पाणीही लवकर कमी होतं.

बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल तरी असंच होतं. चालू गाडीत बॅटरीचा संपर्क क्षणभर सुटला की व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्यात बल्ब जातात. म्हणजे कधी कधी 'सारखे बल्ब जातात' या तक्रारीवरचा उपाय दहा नंबरचा पाना इतकाच असतो.

दुसरं कारण हादरे. पेटलेल्या बल्बमधली तार तापून नरम झालेली असते. अनेक ट्रॉल्यांना गाडीसारखं सस्पेन्शन नसतं. रिकामी ट्रॉली शेतातल्या रस्त्यावरून उडत जाते तेव्हा सगळे धक्के थेट त्या तारेला बसतात. एकाच बाजूचा, एकाच जागचा बल्ब पुन्हा पुन्हा जात असेल तर व्होल्टेजपेक्षा होल्डर आणि त्याची पकड तपासायला हवी.

तिसरं कारण चुकीचा बल्ब. ट्रॅक्टर आणि कार १२ व्होल्टवर चालतात, बहुतेक मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर. ऊस दोन्हींतून येतो आणि सुटे भाग मिळतात एकाच दुकानात. १२ चा बल्ब २४ च्या गाडीत लावला तर लगेच जातो, हे सगळ्यांना कळतं. उलट प्रकार जास्त फसवा आहे. २४ चा बल्ब १२ च्या ट्रॅक्टरला लावला तर तो कधी जातच नाही, पण इतका मिणमिणता पेटतो की मागच्याला दिसत नाही. मालकाला वाटतं, बरा टिकाऊ बल्ब मिळाला!

मागच्या दिव्यात बऱ्याचदा २१ आणि ५ वॅटच्या दोन तारा असलेला एकच बल्ब असतो. एक तार ब्रेकसाठी, दुसरी टेल लाइटसाठी. त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसतो. घाईत तो जोर लावून उलटा बसवला किंवा त्या जागी एका तारेचा बल्ब कोंबला, तर ब्रेक आणि टेलची जोडणी एकमेकांत मिसळते. मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे पेटणं, असे अजब प्रकार सुरू होतात.

चौथं कारण हॅलोजन बल्बला हात लावणं. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहतो, ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. म्हणून असा बल्ब कापडाने किंवा त्याच्या धातूच्या भागाला धरून बसवतात.

दुचाकीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना कायम चालू राहतो. त्यामुळे हॅलोजन बल्ब असलेल्या गाडीत तो पूर्वीपेक्षा महिन्यांच्या हिशोबाने लवकर जाणारच. दिवसभर जळतो, तेवढे तास भरतात. वर्षातून एखादा बल्ब गेला तर तो बिघाड नाही. महिन्याला जात असेल तर आहे.

अर्थिंग: सगळ्यात दुर्लक्षित वायर

गाडीत प्रत्येक दिव्याला एक वायर करंट आणते आणि परतीचा रस्ता असतो गाडीची बॉडी. यालाच अर्थ म्हणतात. ट्रॉलीच्या बाबतीत हा परतीचा रस्ता अनेकदा हुक आणि पिनेच्या भरवशावर सोडलेला असतो. तिथे ग्रीस, गंज आणि माती असते. संपर्क कधी मिळतो, कधी तुटतो.

अर्थ खराब असेल तर फ्यूज सहसा उडत नाही. पण दिवे मंद पेटतात, फडफडतात किंवा इंडिकेटर लावल्यावर टेल लाइटही त्याच तालावर लुकलुकतो. मालक बल्ब बदलतो, फरक पडत नाही, मग जास्त वॅटचा बल्ब टाकतो. खरं तर सात पिनांच्या प्लगमधून एक स्वतंत्र अर्थ वायर ट्रॉलीच्या चासीपर्यंत नेली आणि जोडणीच्या जागी रंग खरवडून घट्ट बोल्ट मारला, की हा त्रास बहुतेक वेळा संपतो.

मोठा फ्यूज, फ्यूजच्या जागी तार आणि आग

फ्यूज सारखा उडतो म्हटल्यावर रस्त्याच्या कडेला मिळणारा सर्वांत सोपा 'इलाज' म्हणजे मोठा फ्यूज. पात्याच्या फ्यूजला रंग असतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. लाल उडतो म्हणून पिवळा टाकला जातो. तोही उडाला की तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली जाते.

मग फ्यूज उडत नाही हे खरं. पण बिघाड तसाच असतो. जो करंट फ्यूजने थांबवला असता तो आता वायरमधून वाहतो. वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि शेजारच्या वायरींनाही सोबत घेतं. फ्यूज हा त्या साखळीतला मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा आहे. तो मजबूत केला की सर्वांत कमजोर दुवा वायर बनते, आणि ती डिझेलच्या पाइपाशेजारून किंवा वाळलेल्या पाचटाशेजारून जात असते.

हेडलाइटच्या बाबतीत हाच प्रकार जास्त वॅटच्या बल्बमुळे होतो. कारच्या नेहमीच्या हॅलोजन बल्बला ६० आणि ५५ वॅटच्या दोन तारा असतात. दोन्ही हेडलाइट मिळून हाय बीमवर सुमारे १० अँपिअर. त्या जागी बाजारात मिळणारे १०० आणि ९० वॅटचे बल्ब लावले की तोच आकडा १६ च्या पुढे जातो. वायर, स्विच आणि होल्डर मात्र १० च्याच हिशोबाने बनवलेले असतात. होल्डर जळून पिवळा-काळा पडलेला दिसतो तो यामुळेच.

मग एलईडी लावावेत का?

याचं उत्तर पुढच्या आणि मागच्या दिव्यांसाठी वेगवेगळं आहे.

हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये नुसता एलईडी बल्ब बसवला, तर प्रकाश जिथे पडायला हवा तिथे पडत नाही. त्या दिव्याची काच आणि आरसा हॅलोजनच्या तारेची जागा धरून बनवलेले असतात. परिणामी समोरच्याच्या डोळ्यांत लख्ख उजेड जातो आणि रस्त्यावर मात्र ठिपके पडतात. शिवाय मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मागच्या दिव्याची गोष्ट वेगळी. ट्रॉलीसाठी पूर्ण सीलबंद एलईडी टेल लॅम्प मिळतात. त्यात तुटणारी तार नसते, पाणी शिरत नाही आणि करंटही कमी लागतो. त्यातले अनेक दिवे १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालतात, तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. हादऱ्यांनी बल्ब जाणाऱ्या ट्रॉलीसाठी हा समजूतदार खर्च आहे. पण मागची वायरिंग सोललेली असेल, तर एलईडी लावूनही फ्यूज उडणारच.

घरच्या घरी शॉर्ट कसा शोधायचा?

दरवेळी नवा फ्यूज टाकून तो उडतो का हे बघणं म्हणजे पैसे जाळणं. वायरमन लोक वापरतात ती जुनी युक्ती सोपी आहे.

१. आधी ट्रॉलीचा प्लग काढा. फ्यूज टिकला तर दोष ट्रॉलीत, नाही टिकला तर ट्रॅक्टरमध्ये.

२. उडणारा फ्यूज काढून टाका. त्या जागी, फ्यूजच्या दोन टोकांमध्ये, होल्डरसह २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब जोडा. करंट आता त्या बल्बमधूनच जाईल आणि दोन अँपिअरच्या आत राहील. म्हणजे वायर जळायची भीती नाही.

३. त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढून घ्या आणि स्विच टाका. फ्यूजच्या जागचा बल्ब लख्ख पेटला तर लाइनमध्ये शॉर्ट आहे. नाही पेटला तर या क्षणी तरी शॉर्ट नाही.

४. बल्ब पेटलेला असताना वायरिंग थोडी थोडी हलवत पुढे जा. हुकाजवळ, चासीला क्लिप मारलेल्या जागी, होल्डरपाशी. प्लग एकेक करून सोडवा. ज्या जागी बल्ब विझेल, दोष तिथे आहे.

५. सापडलेल्या जागी नुसती काळी टेप गुंडाळू नका. उन्हाने तिचा गोंद सुटतो. सोललेला तुकडा कापून नवी वायर जोडा, त्यावर प्लॅस्टिकचा पाइप चढवा आणि घासणार नाही अशी बांधा.

६. शेवटी मूळ अँपिअरचाच फ्यूज टाका. किती अँपिअरचा, ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

नव्या कारमध्ये मात्र हे प्रयोग करू नयेत. त्यांचे दिवे कंट्रोल युनिटमधून चालतात आणि चुकीच्या जागी जोडलेला बल्ब महागात पडू शकतो. एअरबॅगच्या वायरींना तर हातच लावू नये.

एवढं सोपं असेल तर होत का नाही?

कारण ज्याच्या हातात दुरुस्ती आहे, त्याच्याकडे हंगामात वेळ नसतो. ऊस वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. कारखान्याकडून घेतलेली उचल मजुरांच्या टोळीला दिलेली असते आणि ती हंगामातच फेडायची असते. एक खेप चुकली तर तेवढं नुकसान. वायरिंग तपासायला लागणारे दोन तास म्हणजे कधी कधी पूर्ण नंबर जाणं. त्यात ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची आणि चालक तिसराच असतो. दिव्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न अपघात झाल्यावरच विचारला जातो.

ट्रॉलीच्या दिव्याचं आयुष्यही खडतर असतं. ऊस भरताना मोळ्या त्यावर आपटतात, मागे लोंबणारी वाढी त्याला झाकून टाकतात, आणि हुक सोडताना प्लग ओढून काढला जातो. त्यामुळे हंगामाच्या आधी एकदा दिवे लावून फोटो काढला तरी महिन्याभराने ते चालू असतीलच याची खात्री नसते.

म्हणूनच रिफ्लेक्टरचं महत्त्व आहे. त्याला वीज लागत नाही, वायर लागत नाही, फ्यूज लागत नाही. दिवा गेला तरी मागच्या गाडीच्या प्रकाशात तो चमकतो. पण तो फक्त दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो, चिखलाने माखला की दिसत नाही आणि ट्रॉलीने ब्रेक लावलाय हे सांगत नाही. तो दिव्याला जोड म्हणून आहे, बदली म्हणून नाही.

तपासणीची जागा कोणती?

महामार्गावर रात्री ट्रॉली अडवून दिवे तपासणं अवघड आणि धोक्याचं असतं. थांबवलेली ट्रॉलीच मग अंधारात उभी राहते. पण ऊसाचं प्रत्येक वाहन रोज एका ठिकाणी न चुकता थांबतं, ते म्हणजे कारखान्याचं गेट. तिथे नंबर लागतो, वजन होतं, तासन्‌तास रांग असते. रिकामं होऊन परत निघतानाही वजनकाट्यावरून जावंच लागतं. ब्रेक दाबून मागचे दिवे बघायला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

याच यार्डात हंगामभर एक वायरमन, थोडे बल्ब, फ्यूज, वायर आणि रिफ्लेक्टर टेपचे रोल ठेवले तर रांगेतला रिकामा वेळ दुरुस्तीला वापरता येईल. चालकाची खेप बुडणार नाही आणि 'वेळ नव्हता' हे कारणही उरणार नाही. कारखाना, वाहतूकदार आणि आरटीओ यांनी हा खर्च कसा वाटून घ्यायचा हे ठरवता येईल. एका ट्रॉलीची वायरिंग नीट करायला लागणारा पैसा एका खेपेच्या डिझेलहून फार वेगळा नसतो.

तोपर्यंत वाहनधारकांनी करण्यासारखी गोष्ट साधी आहे. निघण्याआधी दिवे लावून गाडीच्या मागे एक चक्कर मारा. ब्रेकचा दिवा बघायला सोबत कुणी नसेल तर गाडी भिंतीजवळ मागे घ्या, लाल उजेड भिंतीवर दिसतो. बल्ब एकदा गेला तर बदला. दुसऱ्यांदा गेला तर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून व्होल्टेज बघा. आणि फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, तर तिसरा टाकण्याआधी ती वायर शोधा.